होकार, पान दोनशे चौदा

त्यानं पंखा लावला आणि माझं तीन आठवड्यांचं काम हवेत उडालं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या लांब टेबलावर मी चारशे कार्डं मांडून बसले होते. एकेका कार्डावर एक शब्द आणि पुढे पानांचे आकडे. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, जी कुणी वाचत नाही पण नसली की सगळे कुरकुरतात, ती करणं हा माझा धंदा. त्या टेबलावरचा पंखा लावायचा नाही हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथपालबाईंनी तर बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. ही स्वारी मात्र बाहेरून घामाघूम होऊन आली, काखेत सहा पुस्तकं, आणि चिकटपट्टी सोलून बटण दाबून मोकळी झाली.

"अरेच्चा," तो म्हणाला, आणि पंखा बंद करायचं सोडून कार्डांच्या मागे धावला.

पंखा मीच बंद केला. चार शब्द सुनवावे म्हणून वळले, तर तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करत होता आणि... वाचत होता.

"'देशप्रेम' – पाहा 'द्वेष'," खालूनच आवाज आला. "हे तुमचं मत की लेखकाचं?"

"लेखकाचं. मला मतं नसतात. मी फक्त पानं सांगते."

"लेखक कोण?"

मी सांगितलं. तो टेबलाखालून बाहेर आला, केसांना जळमट लागलेलं. "ते माझे मार्गदर्शक आहेत. बघा ना जरा, माझं नाव आहे का सूचीत." आणि त्यानं नाव सांगितलं.

"नाही."

"नीट बघा. उडालं असेल एखादं कार्ड."

"उडालेलं नाही. नाहीच आहे."

त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसू फुटलं. सगळं काम जमिनीवर सांडलेलं, पाच-सहा कार्डं खिडकीबाहेर गेलेली, आणि मी हसत होते. त्यानं तेवढ्यात तीन नीटनेटके गठ्ठे करून माझ्यापुढे ठेवले. "हे राज्य, हे राष्ट्र आणि हे किरकोळ."

"मला अकारविल्हे लागतात."

"विषयवार लावलं तर अर्थ लागतो."

"अर्थ तुम्ही लावा. माझ्याकडे 'क'नंतर 'ख' येतो."

तो संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसून कार्डं लावत राहिला. प्रत्येक कार्डावर थांबायचा, त्यामुळे मदत कमी आणि खोळंबाच जास्त. मधेच म्हणाला, "'प्रेम' नाही तुमच्या सूचीत?"

"पान दाखवा, घालते. पान नाही तर नोंद नाही. आमच्या धंद्यातला पहिला नियम."

"निर्दय धंदा आहे," तो म्हणाला. माझ्याकडे बघत बघतच त्यानं 'लोकशाही' नेऊन 'लष्करा'च्या आधी ठेवली. मी ती तेव्हा हलवली नाही, तो गेल्यावर हलवली.

मग रोजच गाठ पडू लागली. तळघरातल्या उपाहारगृहात चहा, जिन्यात गप्पा, आणि पाऊस असला की सायकलींच्या छपराखाली उगाचच थांबणं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हां दोघांनाही कळलं नाही. मी त्याला 'डॉक्टर' म्हणायची, तो मला 'सूचीबाई'.

विद्यापीठात तो शिकवत होता, पण हंगामी. दर उन्हाळ्यात एक पत्र यायचं आणि त्याला आणखी एक वर्ष मिळायचं. विषय राष्ट्रवाद आणि राजकीय विचारसरणी, आणि तो हे दोन शब्द घरचा पत्ता सांगितल्यासारखे एका दमात सांगायचा. सरहद्दी हलल्या की माणसं एका रात्रीत दुसऱ्या देशाची होतात. मग त्यांचं आधीच्या देशावरचं प्रेम जातं कुठं, हे तो शोधत होता. त्याचं पुस्तक छापून आलं तर नोकरी कायम होणार होती. नाही तर पुन्हा उन्हाळा आणि पुन्हा पत्र.

"राष्ट्रगीत सुरू झालं की गर्दीत सगळ्यांत आधी कोण उभं राहतं, सांग," त्यानं एकदा विचारलं.

"ज्याचं देशावर जास्त प्रेम असतं तो."

"नाही. लोक आपल्यावर संशय घेतील अशी ज्याला भीती असते, तो."

मी चहा ढवळत राहिले. आमच्या घरी सगळ्यांत आधी बाबा उठायचे.

त्याला घरी घेऊन गेले, तेव्हा आत्यानं आधी गुडघा पुढे केला. "जिना चढताना कळ येते हो. गोळी लिहून द्या एखादी."

"आत्या, हे तसले डॉक्टर नाहीत. हे राजकारणाचे."

"म्हणजे कुठल्या पक्षाचे?"

"कुठल्याच नाही," तो म्हणाला.

"मग भागतं कसं तुमचं?" आत्यानं खऱ्या काळजीनं विचारलं.

बाबा मात्र त्याच्यावर खूश झाले. एकतीस वर्षं ते शाळेत गाणं शिकवत होते. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताकडे बघत राष्ट्रगीत शिकलेली. निवृत्त झाल्यावरही राष्ट्रदिनाला शाळा त्यांना मानानं बोलवायची, आणि पांढरा सदरा घालून ते मुलांपुढे उभे राहायचे. त्या पहिल्या भेटीतच त्यांनी हळूच विचारलं, "काय हो डॉक्टर, माणसाला देश एकच असतो का?" त्यावर हा चाळीस मिनिटं बोलला. बाबा मान डोलावत ऐकत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. उत्तर दिलं नाही, पण फार मनापासून दिलं नाही."

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते सांगते.

बाबा सीमेपलीकडचे. नऊ वर्षांचे असताना आजीचा हात धरून इकडे आले. तिकडच्या शाळेत ते तिकडचं राष्ट्रगीत म्हणायचे, वर्गात सगळ्यांत गोड. इकडे आल्यावर ते मनातून गेलंच नाही. रेडिओवर इकडचं राष्ट्रगीत लागलं की बाबा ताठ उभे राहायचे, ओठ हलायचे, आणि ओठांत शब्द मात्र तिकडचे असायचे. आवाज न करता. एकतीस वर्षं मुलांना खणखणीत एक गाणं शिकवलं आणि स्वतःशी दुसरं म्हटलं. मी चौदा वर्षांची असताना त्यांच्या ओठांकडे बघता बघता मला ते कळलं. "कुणाला सांगू नकोस हं पोरी," ते म्हणाले होते, "दोन्ही खरी आहेत माझी. पण लोकांना एकच कळतं." आत्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

ते मी त्याला सांगितलं. सायकलींच्या छपराखाली, दुपारच्या पावसात. का सांगितलं? आपलं सगळ्यांत जपलेलं काहीतरी त्याला द्यावं असं वाटलं, आणि माझ्याकडे दुसरं काय होतं... कार्डंच होती.

चाळीस मिनिटं बोलू शकणारा माणूस, गप्प बसला. मग माझा हात हातात घेतला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होते. त्या खिशात त्याची छोटी वही असायची, काही चमकदार ऐकलं की तो ती काढायचाच. त्या दिवशी त्यानं वही काढली नाही. हा माणूस आपला, असं मी तिथंच मनाशी ठरवून टाकलं. विचारायचा अवकाश, हो म्हणणार होते.

त्याला वही लागत नव्हती. पाठ झालं होतं.

त्याचं पुस्तक स्वीकारलं गेलं आणि सूचीचं काम प्रकाशकानं माझ्याकडेच दिलं. सूची सगळ्यांत शेवटी होते. पानं लागलेली असतात, आकडे पक्के झालेले असतात, मजकुराला हात लावायचा नसतो. मी नवी कार्डं आणली, पेन्सिलींना टोकं केली. आत्या म्हणाली, "लग्नपत्रिका लिहायला बसल्यासारखी काय बसलीयस?" मी लाजले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी दोनशे चौदाव्या पानावर आले. सहावं प्रकरण. 'एका शाळेतील निवृत्त संगीतशिक्षक राष्ट्रगीताच्या वेळी ताठ उभे राहतात...' तिथून पुढं सबंध पान. पांढरा सदरा, हलणारे ओठ, एकतीस वर्षं, 'दोन्ही खरी आहेत'. नाव नव्हतं, पण असे संगीतशिक्षक आमच्या शहरात किती होते? पान फार सुंदर लिहिलेलं होतं, हे आणखी वाईट. आणि खाली, बारीक अक्षरात, तळटीप.

मी तशीच पानं घेऊन त्याच्या खोलीवर गेले. त्यानं दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता, कारण तो माझी वाटच बघत होता.

"वाचलीस?"

"वाचलं."

"पान नाही गं, तळटीप... तळटीप वाचलीस ना?"

मी ती तिथंच, दारात उभी राहून पुन्हा वाचली. 'ही हकिगत ज्या व्यक्तीनं मला सांगितली, तिच्यावाचून हे पुस्तक अपुरं राहिलं असतं. यापुढचं आयुष्यही राहील.'

"सबंध पुस्तकात तेवढंच एक वाक्य आहे, ज्याला पुरावा नाही," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मला तोंडानं बोलता येत नाही हे... तुला माहीत आहे. म्हणून लिहिलं. तू सूची करताना तुला मिळेल असं... मी मागणी घातलीय, सूचीबाई."

जगात दुसऱ्या कुणी कुणाला तळटिपेत मागणी घातली असेल असं मला वाटत नाही. आणि ती कशाच्या खाली घातली होती, हे त्याला दिसतच नव्हतं.

"बाबांचं आहे रे ते," मी म्हणाले. "शाळेत कळेल. गल्लीत कळेल."

"मी नाव कुठं घातलंय?"

"त्यांना कळेल, मी सांगितलं ते."

आता त्याला दिसलं. रंग उतरला त्याचा. तो खाटेवर बसला, मग उठला. "पण पानं लागलीत आता. एक सबंध पान काढायचं म्हणजे पुढची सगळी हलणार. दीड महिना तरी जाईल. आणि नोकरीच्या निवड समितीची बैठक... तीन आठवड्यांवर आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग. तू काढ म्हणालीस तर काढतो."

एक शब्द बोलायचा होता मला. 'काढ' म्हटलं असतं की झालं. पण मला वाटलं, हे मी का सांगायचं? त्याचं त्याला कळायला नको? मान ताठ करून मी म्हणाले, "पुस्तक तुझं आहे." आणि जिना उतरले. त्या चार पायऱ्या मी किती वेळा मनानं परत चढून गेलेय, त्याचा हिशेब नाही.

घरी येऊन मी सूची पुरी केली. आणि तोंडानं जे बोलता आलं नाही ते सूचीत घातलं. त्यानं तळटिपेत विचारलं, मी सूचीत उत्तर दिलं. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. 'संगीतशिक्षक' या नोंदीपुढं लिहिलं – पाहा 'वडील'. 'वडील'पुढं – पाहा 'विश्वास'. 'विश्वास'पुढं – पाहा 'होकार'. आणि 'ह'च्या अगदी शेवटी: होकार – पान २१४ काढल्यास.

सूची छापण्याआधी लेखकाकडे तपासायला जाते. दोन दिवस मुदत असते. तो हे वाचेल, धावत येईल, पान काढेल, दीड महिना गेला तर गेला. मी दोन दिवस फोनजवळून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रकाशकाकडून कागद आला, त्याच्या अक्षरात. 'सूची उत्तम झाली आहे. जशीच्या तशी जाऊ द्या.'

जशीच्या तशी. म्हणजे वाचलं, समजलं, आणि पान ठेवलं. मी कार्डं बांधून ठेवली. त्यानंतर त्याचा फोन तीनदा आला, तिन्ही वेळा आत्याला सांगितलं, मी घरी नाही म्हणून सांग. चौथा आला नाही.

पुस्तक आलं. नोकरी कायम झाली. एक प्रत त्यानं सही करून बाबांना पाठवली, बिचाऱ्यानं अगदी आदरानं. बाबा खिडकीत बसून रोज थोडं वाचायचे. एका दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला. मी दारात उभी होते.

"मुलगा हुशार आहे," बाबा म्हणाले. बस, तेवढंच. मला एका शब्दानं बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी राष्ट्रदिनाला शाळेचं बोलावणं आलं नाही. पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता. रेडिओवर राष्ट्रगीत लागलं, बाबा सगळ्यांत आधी उठले, ताठ उभे राहिले. मी त्यांच्या ओठांकडे बघितलं. ओठ मिटलेले होते. पुढं तेरा वर्षं ते जगले, आणि दर वर्षी मी बघत होते.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच टेबलाशी कार्डं मांडून बसले होते. कुणीतरी समोर येऊन थांबलं. मान वर केली तर तो. केस पांढरे, अंगात कोट, विभागप्रमुख झालेला, परिषदांमधून मुख्य भाषणं करणारा. उकाडा मरणाचा होता. त्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला, माझ्या कार्डांवर नजर पडली आणि हात मागे आला.

त्यानं जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं. सूचीत पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"माझी एक विद्यार्थिनी आहे," तो म्हणाला. "परवा तिनं विचारलं, सर, हा होकार म्हणजे काय? संगीतशिक्षकापासून निघून, एकेक नोंद बघत बघत ती तिथं पोचली. मी... मी सूची वाचलीच नव्हती गं."

"'जशीच्या तशी जाऊ द्या' म्हणून लिहिलं होतंस."

"ते सगळेच लिहितात. आपल्या पुस्तकाची सूची कोण वाचतं?"

मला हसू आलं. अठरा वर्षं मी समजत होते की त्यानं पुस्तक निवडलं.

"तुझ्याकडून काहीच आलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, नकार."

"माझ्याकडून छापून आलं होतं."

खाली कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजली. त्यानं एक सुटं कार्ड गठ्ठ्यात सारलं. मग घसा साफ करून म्हणाला, "नवी आवृत्ती निघतेय. दोनशे चौदावं पान मी काढलंय. सबंध. तळटिपेसकट." आणि अगदी हळू, त्या जुन्या लाल कानांनी, "अट पुरी झाली. उशीर झालाय... पण झाली."

मला हो म्हणावंसं वाटलं. खरं तेच सांगते. माझं कुणी नव्हतं, त्याचंही नसावं, आणि त्याचं ते अडखळणं मला अजून तितकंच आवडत होतं. पण मी त्याला बाबांचं सांगितलं. शाळेचं बोलावणं, पांढरा सदरा, मिटलेले ओठ, तेरा वर्षं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऐकता ऐकता तो म्हातारा दिसायला लागला. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, आणि या वेळी तो हे पाठही करत नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

"तू 'काढ' म्हणाली असतीस तर..." तो म्हणाला.

"तू न विचारता काढलं असतंस तर."

दोन्ही खरं होतं.

जाताना तो उभा राहून म्हणाला, "आणि तो होकार?"

"पान काढलंस ना?" मी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "पान नाही तर नोंद नाही."

"निर्दय धंदा," तो म्हणाला. हसलाही थोडासा. मग विचारलं, नव्या आवृत्तीची सूची करशील का. मी हो म्हणाले. ते एक 'हो' मला तोंडानं म्हणता आलं.

आठ दिवसांत सूची करून पाठवली. लेखकाला तपासायला दोनच दिवस असतात, त्यानं अकरा लावले. प्रकाशक माझ्यावर वैतागला. मग कागद परत आला, प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीची बारीक खूण, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. खाली त्याच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

'सगळी वाचली. 'ह' दोनदा वाचला.'

'ह'मध्ये हक्क, हद्द, हुकूमशाही, हुतात्मे आणि हेतू होते. होकार नव्हता.